गोठ्यामागची कौलं

मृग लागला की आमचे आण्णा फोनला जपायला लागतात. एरवी त्यांचा फोन खुंटीवरच्या पिशवीत पडलेला असतो आणि वाजला तर “बघा रं कोन हाय” एवढं म्हणून ते मोकळे होतात. जूनमध्ये मात्र तो सदऱ्याच्या खिशात जातो, आधी रुमालात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाशी. मी त्यांची सून. पंचवीस वर्षं या घरात काढली, झेडपीच्या शाळेत शिकवते, आणि सासऱ्यांना चिडवणं हा आता माझा हक्क झालाय. “काय आण्णा, मंत्र्याचा फोन यायचाय का?” असं विचारलं की ते मान हलवतात. “न्हाई. पावसाचा यायचाय.”

पावसाचा म्हणजे यमुनाबाईंचा. ताम्हिणी घाट उतरून गेलं की खाली खाडीकाठी एक छोटं गाव आहे, तिथे त्या राहतात. दर वर्षी पहिला जोराचा पाऊस झाला की त्या आण्णांना फोन करतात आणि फार काही न बोलता फोन वर छपराकडे धरतात. आण्णा इकडे डोळे मिटून ऐकतात. हे काय आहे, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. ते सांगायचं तर कौलांच्याही आधी सुकटीपासून सुरुवात करावी लागेल.

मे महिन्यात पौडच्या आठवडे बाजारात घाटाखालच्या बाया सुकट, जवळा, बोंबील घेऊन यायच्या. अजूनही येतात. पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा आमच्याकडे सुकटीशिवाय घास उतरत नाही आणि त्यांच्याकडे आमच्या खाचरातल्या तांदळाचं कौतुक. आण्णांची एक ठरलेली बाई होती. तिला ते पैसे द्यायचे नाहीत, तांदूळ द्यायचे. घासाघीस चालायची ती उलटी. ती म्हणायची, बास झाला तांदूळ, गोणी उचलवत नाय. हे म्हणायचे, गप घे. मग ती त्यांच्या पिशवीत आणखी दोन मुठी जवळा कोंबायची. असं कितीतरी वर्षं चाललं होतं, पण आण्णांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये तिचा नंबर मीच घालून दिला होता, नुसतं ‘सुकट’ म्हणून. तिच्या फोनमध्ये आण्णा ‘तांदूळ’ होते, हे मला पुढे कळलं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी बाजारच भरला नाही. पौडचा स्टँड ओस पडला होता. एप्रिलमध्ये आमच्या गावाने बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला. पुण्याकडून येणाऱ्या कुणालाच आत घ्यायचं नाही असं ठरलं, आणि त्या ‘कुणाला’मध्ये माझी सख्खी नणंद वर्षा पण निघाली. ती बावधनला राहते, गाडीने पाऊण तासाचाही रस्ता नाही. आण्णांना बघायला म्हणून आली आणि आम्ही तिला वेशीवरनंच परत लावली. तांदळाची पिशवी रस्त्यावर ठेवून मी दहा पावलं मागे सरले, मग तिने ती उचलली. त्या वर्षी आपण सगळेच एकमेकांशी असे वागलो, अशी मी माझी समजूत घालते. तरी ती पिशवी उचलताना वाकलेली वर्षा मला अजून दिसते.

आणि मग जूनच्या सुरुवातीला ते वादळ आलं. किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आमच्याकडेसुद्धा घाटावरून असा वारा लोटला की शाळेसमोरचा आंबा मुळासकट आडवा झाला. गोठ्याचे दोन पत्रे उडून शेजारच्या खाचरात पडले. आम्ही सगळे घरात बसलो होतो. वर स्लॅब, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. आण्णा मात्र अस्वस्थ होते. ते सारखे छताकडे बघत होते, आणि छत काही बोलत नव्हतं.

स्लॅब हा आमच्या घरातला जुना दुखरा विषय आहे. घर आधी कौलारू होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा दर पावसाळ्यात चुलीजवळ एक आणि पलंगाखाली एक अशी दोन भांडी ठरलेली असायची, गळतीच्या थेंबांसाठी. मी हट्ट धरला, माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, कर्ज काढलं आणि स्लॅब पडला. फक्त उतरवलेल्या कौलांना आण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक पुसून गोठ्यामागे उभी रचून ठेवली, मध्ये पेंढा घालून. दर दिवाळीला ते ती रास उलगडायचे, फुटकी बाजूला काढायचे, पुन्हा रचायचे. त्यांना गोठ्याशेजारी स्वतःपुरती एक कौलारू खोली बांधायची होती. स्लॅबखाली पाऊस पडतोय का न्हाई तेच उमगत न्हाई, म्हणायचे, मेल्यागत झोप लागती. आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो. मी तर त्या राशीला वैतागले होते. तिथे विंचू निघायचे, एकदा घोणस निघाली होती. “आण्णा, देऊन टाका ती कौलं कुणाला तरी,” असं मी किती वेळा म्हटलं असेल.

वादळ गेलं त्या संध्याकाळी आण्णा म्हणाले, “हितं हे असं, तर तिकडं काय झालं आसंल. त्या सुकटवाल्या बाईचं घर कौलारू हाय. फोन लाव.”

फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खाली वीजच नव्हती, खांब आडवे झाले होते, टॉवर बंद होते. आण्णा रोज सकाळी फोन माझ्यापुढे धरायचे आणि मी रोज ती रेकॉर्डवरची बाई ऐकवायचे, आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक. आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी तो एकदम लागला. मी स्पीकर चालू केला.

“कोन, तांदूळवाले भाऊ?” पलीकडून आवाज आला, आणि आण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

त्यांनी विचारलं, किती तांदूळ पाठवू. मला वाटतं त्यांना दुसरं काही विचारताच येत नव्हतं. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं तेवढंच झालं होतं.

“तांदूळ नको, भाऊ,” ती म्हणाली. “तांदूळ येतोय. रोज कुनीतरी आनून देतोय. तो ठेवू कुठं? भिंती हायत, वासे हायत. वर आभाळ हाय.”

मग हळूहळू कळलं. कौलं झाडाच्या पानांसारखी उडाली होती. वाडीतली सुपारीची झाडं मोडून पडली होती. मुलगा मुंबईत अडकलेला, आणि सुनेला आठवा महिना. दोघी गावच्या शाळेत राहत होत्या, एका वर्गात चार-पाच कुटुंबं. तिथे कुणी खोकलं की सगळे भिंतीकडे तोंड करतात, म्हणाली. सुनेचं बाळंतपण शाळेत व्हायला नको, तेवढं एक छप्पर हवं. पत्रे मिळत नव्हते, कौलं तर कुठेच नव्हती, कारण सगळ्या किनाऱ्याला एकदमच हवी होती. आणि मोठा पाऊस चार दिवसांवर आला होता.

फोन ठेवल्यावर आण्णा उठले, गोठ्यामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर ते राशीसमोर उभे. “काढा ही,” एवढंच म्हणाले.

मी खरं सांगते, मला आनंद झाला. त्या बाईला छप्पर मिळणार म्हणून झाला, पण त्याच्याही आधी जागा मोकळी होणार म्हणून झाला. माणूस मदत करतो तेव्हा त्याच्या मनात काय काय असतं याचा हिशेब न मांडलेला बरा. बावधनहून वर्षाच्या सोसायटीने त्याच आठवड्यात, खाली वादळात सापडलेल्यांना द्या म्हणून, आमच्याकडे तीन खोकी पाठवली होती. त्यात बिस्किटं होती, मास्क होते, लग्नात एकदाच नेसलेल्या साड्या होत्या आणि लॅव्हेंडरच्या वासाच्या मेणबत्त्या. मी हसले होते त्या मेणबत्त्यांना. पण वेशीवरनं परत पाठवलेल्या वर्षाने आठवणीने पाठवलं, हे हसता हसता गिळावं लागलं. आमची कौलं आणि त्यांच्या साड्या, दोन्ही अडगळच. फक्त आण्णांच्या लेखी कौलं अडगळ नव्हती. त्या सगळ्या मदतीत स्वतःला हवी असलेली वस्तू देणारा माणूस एकच होता.

आण्णांची कौलं एका घराला पुरी पडणारी नव्हती. दर दिवाळीला फुटकी काढून काढून रास बरीच कमी झाली होती. तेव्हा शालन पुढे आली. शालन आमची आशा सेविका, वस्तीत राहते. त्या दिवसांत गावात तिचंच राज्य होतं. सरपंचांनाही ती ताप मोजल्याशिवाय बोलू द्यायची नाही. वस्तीतल्या विहाराचं छप्पर बदललं तेव्हाची कौलं विहारामागे ठेवलेली होती. लोकांना विचारून तिने ती सगळी देऊ केली. “नीट झाकून ठेवल्यात, एक फुटलेलं न्हाई,” म्हणाली. पण देताना अटही घातली. एका वेळी एकाच घरानं यायचं, टेम्पोत माल ठेवायचा, जायचं. गर्दी केलेली चालायची न्हाई. आणि पासष्टच्या वरचं कुनी भायेर दिसलं तर मी बघून घेईन.

म्हणजे आण्णा आत. एरवी असं काही भरायचं असतं तर सगळा गाव साखळी करून उभा राहिला असता, आणि टेम्पोच्या तोंडाशी आण्णा असते, प्रत्येक कौलाकडे बघत. त्या दिवशी ते खिडकीत उभे होते आणि टेम्पोच्या तोंडाशी मी. आमचा दूध घालायचा पिकअप, त्यावर अत्यावश्यक सेवेचा कागद चिकटवलेला.

“छाप बघून भर गं,” आण्णा खिडकीतून म्हणाले. “पाठीवर छाप हाय. मोर येगळा, चांदनी येगळी.”

“हो आण्णा,” मी म्हटलं.

आणि बघितलं नाही. ऊन होतं, मास्कमध्ये जीव गुदमरत होता, आणि मला वाटलं, म्हातारपणी माणूस उगाच किचकट होतो. कौल ते कौल. लाल, सारख्या आकाराचं. कोण मोर आणि कोण चांदणी. एक घर यायचं, जिथे जागा दिसेल तिथे ठेवून जायचं. आण्णांनी आणखी दोनदा सांगितलं, मी आणखी दोनदा हो म्हटलं. उभी लावा, आडवी न्हाई, हे तेवढं मी ऐकलं, कारण ते मला पटलं होतं.

पौडला तहसील कचेरीत परवानगी मिळाली ती चालकासोबत एकाच माणसाची. चालक प्रकाश. सोबत मी, कारण बाईला चेहऱ्याने ओळखणारी आता मीच. आताच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची जत्रा असते, तोंड काढून ओरडणारी पोरं, वाटेत कणसं. त्या दिवशी अख्ख्या घाटात आम्ही आणि माकडं. माकडं रस्त्याच्या मधोमध बसून होती, आम्हाला वाट द्यायला त्यांनी चांगला वेळ घेतला. खाली उतरलो तशी आडवी झालेली झाडं दिसायला लागली. आधी एखाददुसरं, मग ओळीच्या ओळी, सगळी एकाच दिशेला तोंड करून. प्रकाश गाणं म्हणत गाडी चालवतो. तिथून पुढे त्याने गाणं म्हटलं नाही.

गावाच्या वेशीवर एक नारळाचा माड आडवा टाकलेला होता. तो वादळाने पडलेला नव्हता, लोकांनी ओढून आणून टाकला होता. पलीकडे चार-पाच जण मास्क बांधून उभे. त्यातला एक आंब्यावर औषध मारायचा पंप पाठीला लावून तयार होता. त्याने आधी टेम्पोवर फवारलं, मग कौलांवर, मग जरा विचार करून आमच्या चपलांवर. कौलं वेशीजवळच्या मैदानात उतरवायची आणि पाच दिवस कुणी शिवायचं नाही, असं त्याने सांगितलं.

“कौलांना पाच दिवस?” मी म्हटलं.

“पुन्याची हायत ना,” तो म्हणाला.

मला आमचा मुळशी तालुका आणि पुणे शहर यातला फरक समजावून सांगायचा होता. शिक्षकाला ती सवयच असते. पण तोंड उघडलं आणि वर्षाची गाडी आठवली. मी कौलं उतरवायला लागले. संध्याकाळी आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले. “भट्टीतनं निगाल्यालं कौल हाय ते. त्याला आनखी काय व्हायचं राह्यलंय.”

यमुनाबाई नारळापलीकडे उभ्या होत्या. तोंडाला साडीचा पदर, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. मग त्यांनी हात वर केला, आणि तो सुकट मापणारा हात मी ओळखला. नाव तेव्हाच विचारलं. इतक्या वर्षांनी, एवढ्या लांबून, ओरडून. त्यांनी मधल्या दगडावर एक पत्र्याचा डबा आणून ठेवला आणि मागे सरल्या. “भावाची सुकट,” म्हणाल्या. “मे महिन्यातच बांधून ठेवली व्हती. चुलीमागं राहिली म्हनून वाचली.”

मी पुढे गेले, पर्समधून सॅनिटायझर काढला आणि त्यांच्यादेखत त्या डब्यावर मारला. हात आपोआप गेला, तेव्हा सगळ्यांचेच जायचे. घर गेलेल्या बाईने जपून ठेवलेला डबा, आणि मी त्यावर औषध मारतेय. माझी मान वर होईना. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “मार गो ताय, मार. दोनदा मार. आत मासाच हाय, तो काय मरनार नाय आता.”

पाच दिवस मी रोज आभाळाकडे बघत होते. आमच्याकडे पडायला लागला होता. खालीही पडत असणार. सातव्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन वाजला, तो मी उचलला.

“ताय,” यमुनाबाईंचा आवाज दमलेला होता. “एक बसतंय, दुसरं नाय. खाच जुळतच नाय. आमी शेजारनी-शेजारनींनी मिळून छपराची एक बाजू, एक पाखं, भरलं काल. पाऊस आला तसं सगळं आत. सून रडतेय. तुमची कौलं चांगली हायत गो, पन एकमेकांशी बोलत नाय.”

तेव्हा मला मोर आणि चांदणी कळली. कौलांना कडेला खाच असते, शेजारचं कौल त्यात अडकतं. प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, म्हणून पाठीवर छाप. मी दोन्ही छाप मिसळून पाठवले होते. तीनदा हो म्हणून. वर्गात पोरं सूचना न वाचता पेपर लिहायला लागली की मी किती बोलते, ते सगळं माझ्याच कानाशी वाजायला लागलं.

आण्णांना सांगायचं की नाही, यात थोडा वेळ गेला. चुलीजवळ उभी राहून मी दुसरंच काहीतरी सुचतं का बघत होते. मग गेले आणि सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तोंड दिसतंय तसला फोन लाव.”

घरात इंटरनेट धड येत नाही, गोठ्यामागे येतं. कौलांची रास होती ती जागा आता रिकामी होती, नुसता पेंढा पडलेला. तिथे खुर्ची टाकून आण्णा बसले, मी मागे छत्री धरून उभी. फोनमध्ये यमुनाबाई, त्यांच्या डोक्यावर ताडपत्री. “एकेक उचल बाई, उपडं कर, दाव,” आण्णा म्हणायचे. त्या दाखवायच्या. “मोर. डावीकडं ठेव. ही चांदनी. उजवीकडं.” थोड्या वेळाने त्यांना छाप ओळखता यायला लागला तरी त्या प्रत्येक कौल दाखवत राहिल्या आणि आण्णा प्रत्येक वेळी सांगत राहिले. मध्येच चित्र थांबायचं, मध्येच आवाज. शालन ताप मोजायला आली ती आण्णांना उघड्यावर बघून तोंड उघडणार होती. मग फोनमध्ये डोकावली, आपल्या विहाराचं कौल दिसलं, आणि तीही छत्रीखाली उभी राहिली. एका छत्रीत तिघं. त्या वर्षी अंतराचा नियम शालनने मोडलेला मी एवढाच पाहिला.

“आता आईक,” सगळं वेगळं झाल्यावर आण्णा म्हणाले. “एका पाख्याला मोर, दुसऱ्याला चांदनी. एका पाख्यावर दोन छाप न्हाई. चांदनीकडच्या, कौलाखालच्या रिपा अर्दं बोट वर घे, ते कौल जरा आखूड हाय. वर आढ्याला दोन्ही पाखी मिळतील, तितं काय अडत न्हाई.”

दोन दिवस लागले. मध्ये पाऊस यायचा, त्या बाया खाली उतरायच्या, थांबला की पुन्हा चढायच्या. आण्णा खुर्ची सोडत नव्हते. जेवणही तिथेच. मी शाळेची कामं बाजूला ठेवून छत्री धरायचे. दुसरं काही धरायला मला तोंडच नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यमुनाबाईंनी फोन केला तेव्हा त्या घरात होत्या. स्वतःच्या. सुनेला चटईवर निजवलं होतं, आणि वर्षाच्या सोसायटीतली लॅव्हेंडरची मेणबत्ती पेटवली होती. “ह्या मेनबत्तीचा वास असा की माशी पन बसत नाय,” म्हणाल्या. मी वर्षाला जसंच्या तसं कळवलं. ती खूप हसली, आणि मग म्हणाली, येऊ का गं आता घरी. मी म्हटलं, ये. शालनशी मी बोलते.

त्याच फोनवर बोलता बोलता खाली पाऊस सुरू झाला. “ऐका भाऊ, तुमची कौलं,” म्हणत यमुनाबाईंनी फोन वर धरला. आण्णांनी डोळे मिटले. मला तो आवाज तेलात पापड सोडल्यासारखा आला, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. स्लॅब पडल्यापासून या माणसाच्या डोक्यावर पाऊसच पडला नव्हता, आणि तो स्लॅब टाकायला लावला मी. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. “डाव्या अंगाला, खालनं तिसऱ्या वळीत एक कौल वाजतंय,” म्हणाले. “सरकवून घे.” दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी कळवलं, होतं बरं का भाऊ, घेतलं सरकवून.

पावसाळा संपल्यावर प्रकाशने विषय काढला. नवी कौलं आणू, तुमची खोली बांधू. आण्णांनी नको म्हटलं. “झाली की माजी खोली. जरा लांब झाली, येवढंच.”

तेव्हापासून हा फोन. यमुनाबाईंच्या घरात नात जन्मली, त्याच छपराखाली, आता ती फोनवर आजीच्या मध्ये मध्ये बोलते. बाजार पुन्हा भरतो. सुकट येते, तांदूळ जातो, घासाघीस अजून उलटीच चालते. आणि दर जूनमध्ये आण्णा डोळे मिटून ऐकतात आणि डाव्या अंगाचं, खालून तिसऱ्या ओळीतलं कौल सरकवायला सांगतात. दुसऱ्या वर्षी तेच कौल निघालं तेव्हा मला जरा शंका आली होती.

परवा दुपारी फोन वाजला. आण्णांनी पिशवी सोडली, रुमाल उलगडला, फोन डाव्या कानाला लावला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. गेल्या वर्षभरात त्यांचे कान गेलेत. यंत्र आणलंय, ते डब्यात असतं. कपाळाला आठ्या घालून ते कितीतरी वेळ तसेच बसले. शेवटी फोन माझ्यापुढे धरला.

“तू आईक. काय म्हनतंय?”

मी ऐकलं. तोच पापडाचा आवाज, मागे पोरगी काहीतरी गुणगुणतेय. त्यातलं मला काय कळणार. एकही कौल वाजत नव्हतं, किंवा सगळीच वाजत होती. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं ठीक आहे म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवून फोन खुंटीला लावला असता, तो कदाचित कायमचा.

“एक वाजतंय आण्णा,” मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले.

ते खुर्चीत ताठ झाले. “डाव्या अंगाला?”

“हो आण्णा.”

“खालनं तिसऱ्या वळीत आसंल. सांग तिला.”

मी फोन तोंडाशी नेला, पण यमुनाबाईंनी सगळं ऐकलं होतं. “तिसरंच हाय म्हनून सांग गो भावाला,” पलीकडून त्या हळूच म्हणाल्या. “दर वरसी तेच असतंय.”

मी सांगितलं. आण्णांनी फोन रुमालात गुंडाळला, रुमाल पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

“तरी तुला म्हनलं व्हतं,” ते म्हणाले, “छाप बघून भर.”